घरातल्या रोजच्या गडबडीचे फोटो काढता का? अनुभव लिहा

कार्यक्रमांचे फोटो सगळ्यांकडेच असतात, मला विचारायचंय ते साध्या दिवसाचं. कोणी केस विंचरतंय, कोणी चष्मा शोधतंय, असले. सुरुवात मीच करते. मोबाईल वर केला की आई लगेच ताठ बसायची आणि फोटो पासपोर्टला लावण्यासारखा यायचा. मग रोजच दोन-चार काढत गेले, शेवटी कंटाळून तिने लक्ष देणंच सोडलं. आता वाचता वाचता डुलकी लागलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, असा एक मिळालाय!

—

माझं रडगाणं हलत्या पोराचं. संध्याकाळी कॅमेरा ऑटोवर ठेवला की शटर १/३० सेकंद उघडं राहतं आणि पोराच्या जागी नुसते फराटे. आता शटर १/२५० आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत जाऊ देतो. फोटोत दाणे येतात, येऊ देत, ते नंतर थोडे तरी कमी करता येतात, हललेलं चित्र काही सावरत नाही.

—

१/२५० ला काही एलईडी दिव्यांखाली पट्टे येतात हो, दिवा लुकलुकत असतो म्हणून. वीज ५० हर्ट्झची असेल तर १/१०० करून बघा. आणि दिवसा सरळ दिवे बंद करून खिडकीजवळ काढा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा अर्धा निळा.

—

मुलगी १३ वर्षांची झाली आणि म्हणाली, विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. राग आला, पण बरोबर होतं तिचं. आता काढलेला प्रत्येक फोटो आधी तिला दाखवते, अर्धे ती उडवते, आणि नेमके मला आवडलेले.

—

हार्ड डिस्क गेली, दोन वर्षांचे फोटो गेले. व्हॉट्सॅपवर पाठवलेले तेवढे उरले, तेही बारके होऊन. आता दोन डिस्क, शिवाय क्लाउड.

—

आमच्याकडे कॅमेरा बाबांचा, ३६ फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायचे, त्यामुळे अल्बममध्ये सगळे आहेत, ते सोडून. परवा एकात सापडले, मागे कपाटाच्या आरशात. फ्लॅशमुळे चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा, कोपर तेवढं ओळखता आलं.

—

हे वाचून आज मी १० सेकंदांचा टायमर लावला. सगळे छान हसतायत, मी अजून वाटेतच आहे.