लॅक्टमचं वलय आम्लात पुन्हा का मिटत नाही

लॅक्टम म्हणजे वलयात अडकलेलं अमाइड (–CO–NH–). त्याच्या जलअपघटनाबद्दल, म्हणजे पाण्यानं वलय उघडण्याबद्दल, या चर्चेत वर कुणीतरी 'ही समतोल अभिक्रिया आहे, म्हणजे उघडलेलं वलय परत मिटणारच' असं लिहिलंय, ते आम्लात पटत नाही. पाण्याचा हल्ला होऊन वलय उघडलं की सुटलेल्या अमाइनला लगेच प्रोटॉन चिकटतो. नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉन जोडीच गुंतली, मग कार्बोनिलवर (C=O) उलटा हल्ला करणार कोण? कॅप्रोलॅक्टम (सात अणूंच्या वलयाचं लॅक्टम) संहत एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक आम्लात) उकळलं की ६-अमिनोहेक्झॅनोइक आम्लाचं हायड्रोक्लोराइड, म्हणजे एचसीएलबरोबरचं क्षार, मिळतं, ते यामुळेच. (वलय उघडण्याआधी लॅक्टमवर पहिला प्रोटॉन मात्र नायट्रोजनवर नाही, ऑक्सिजनवर बसतो. परीक्षेत निम्मे इथंच घसरतात.)

चर्चेत गॅबापेंटिन (अपस्मार आणि नसांच्या दुखण्यावरचं औषध) मात्र कुणी काढलं नाही. आमच्या सोलापुरात, चिंचोळी एमआयडीसीकडं, औषधांचा कच्चा माल बनतो. तिथं नोकरीला जाणाऱ्या पोरांना मी हेच उदाहरण देतो. गॅबापेंटिन बनवायची एक रीत म्हणजे त्याच्या पाच अणूंच्या वलयाच्या लॅक्टमचं एचसीएलमध्ये जलअपघटन. हायड्रोक्लोराइड असेपर्यंत वलय मिटायची भीती फारशी नसते. आम्ल काढून मोकळं अमिनो आम्ल केलं, की ते साठवणीत हळूहळू पुन्हा लॅक्टम होऊ लागतं. उष्णतेनं वेग वाढतो, कोरडी भुकटी दळली तरी वाढतो. म्हणून गोळ्यांत लॅक्टमच्या अशुद्धीवर मर्यादा घातलेली असते. तुमचा समतोल शोधायचा तर तिथं शोधा, उकळत्या आम्लात नाही.