मदत हवी आहे: तंजावरचे फोटो दाखवताना ऐकीव गोष्टींचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात तंजावरच्या फोटोंचा कार्यक्रम करायचं ठरलं आहे. बघणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि शाळकरी मुलं. नुसते फोटो पुढे सरकवत न्यायचे नाहीत, प्रत्येक फोटोमागची गोष्ट सांगायची आहे, आणि तिथेच अडलंय.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तिथले गाइड सांगतात आणि आपल्याकडचे लोकही तेच ऐकून येतात. माझ्याच सकाळच्या एका फोटोत ती मागच्या ओवऱ्यांवर स्वच्छ पडलेली दिसते. दुसरी गोष्ट नंदीची. तो वाढत चालला होता म्हणून त्याच्या पाठीत खिळा ठोकला, असं सांगतात. मंदिर राजराज चोळाचं, १०१० च्या सुमारास पूर्ण झालेलं. नंदी मात्र बऱ्याच पुढच्या, नायक राजांच्या काळातला. हे सगळं सांगायला गेलं की कार्यक्रम खोट्या गोष्टी उघड करण्याचाच होऊन बसेल, अशी धास्ती वाटते. न सांगावं, तर मुलं चुकीचंच घेऊन घरी जातील.

माझा जीव खरा अडकलाय तो मराठी शिलालेखात. तंजावरचे मराठा राजे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास याच मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर कोरून घेतला. इतक्या दूर, तमिळ मुलखात, भिंतभर मराठी! तो बघताना ऊर भरून आला. पण फोटोत अक्षरं सपाट आली आहेत, पडद्यावर काहीच वाचता येणार नाही. घरातली मंडळी पुन्हा तिकडे निघाली आहेत. त्यांना काय सांगून पाठवू?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

शिलालेखाला समोरून उजेड पडला की अक्षरं हरवतात. प्रकाश भिंतीला घासून, तिरका यायला हवा, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली धरते. त्या भिंतीवर ऊन कोणत्या वेळी तिरकं येतं ते आधी बघून ठेवायला सांगा. ऊन नसेल तर एकाने बाजूला उभं राहून टॉर्च भिंतीलगत धरायचा. मोबाइलचा फ्लॅश बंद. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा, आणि सगळा लेख एकाच फोटोत कोंबू नका. तुकड्यातुकड्याने काढा, प्रत्येक तुकड्यात आधीची ओळ थोडी यावी. ट्रायपॉड वापरायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते.

आणि एक विनंती. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, तेल, पाणी काहीही भरू देऊ नका. दगडाचं वाटोळं होतं. या लेखाचं छापील वाचन उपलब्ध आहे. फोटो धूसर आला तरी मजकूर त्यावरून ताडून घेता येईल.

प्रतिसाद २

खिळ्याची गोष्ट गाळू नका, पण ‘तिथले लोक असं सांगतात’ म्हणून सांगा आणि लगेच नंदीचा काळ सांगा. सावलीबद्दल तर बोलायचीही गरज नाही, तुमचा सकाळचा फोटो लावा आणि मुलांनाच विचारा.

माझ्या मते या मंदिराच्या खऱ्या गोष्टी कितीतरी सरस आहेत. राजराजाच्या तमिळ शिलालेखांत देवळासाठी आणलेल्या सुमारे ४०० नर्तकींची नावं आहेत. कोण कुठल्या गावच्या देवळातून आली, तिला कोणत्या रस्त्यावरचं कितवं घर दिलं, हे सगळं दगडावर नोंदलेलं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका साध्या बाईचं नाव आणि पत्ता! हे ऐकल्यावर खिळ्याची आठवणही कुणाला होणार नाही. गाभाऱ्याभोवतीच्या आतल्या मार्गात नायककालीन चित्रांखाली चोळकालीन भित्तिचित्रं सापडली, १९३१ मध्ये. तिथे फोटो काढू देत नाहीत, पण गोष्ट सांगायला काय हरकत आहे?

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नर्तकींच्या नावांनीच सुरुवात करते आणि तिथून मराठी लेखाकडे वळते. त्या लेखाच्या सुरुवातीच्या ओळींचा स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर द्याल का? कार्यक्रमात फोटो कुणाचा ते आवर्जून सांगेन.