मदत हवी आहे: गेमिंगसाठी मोठं टेबल, ५ फुटी की ६ फुटी? शनिवारच्या आत ठरवायचंय

घाटवळण (मंगळवार, रात्री ११.४०)
नमस्कार. गेमिंगसाठी मोठं टेबल घ्यायचंय. आत्ताचं ४ फुटी पुरत नाही आणि खेळताना हलतंही फार. ऑनलाइन दोन बघून ठेवलीत. एक ६० बाय २४ इंच, लोखंडी पाय, वर पार्टिकल बोर्ड. दुसरं ७२ बाय २४, बाकी तसंच, मधे पाय नाही. दुसऱ्याला साधारण चार हजार जास्त पडतात. शनिवारी रात्री सेल संपतोय. एवढं मोठं टेबल कुणी वापरलं असेल तर सांगा, ६ फुटी घेऊ का? खुर्ची आहे, खुर्ची सुचवू नका प्लीज.

निवांत_सातारा
खोली केवढी? मॉनिटर किती, केवढे? संगणकाचं कॅबिनेट टेबलावर ठेवणार की खाली? बजेट? यातलं काहीच लिहिलेलं नाही, कसं सांगणार?

हरिहर५८
मुलगा कितवीत आहे? वाढत्या वयात एवढं मोठं टेबल आताच घेऊ नये असं माझं मत. आम्ही नातवाला उंची बदलता येणारं घेतलं, चार वर्षं झाली, उत्तम चाललंय.

घाटवळण
काका, मुलगा नाही, मीच खेळते. वय २९. दिवसा ऑफिसचं कामही त्याच टेबलावर.
दोन मॉनिटर, दोन्ही २७ इंची. कॅबिनेट वरच, खाली ठेवलं की मांजराचे केस आत जातात. कपाट आणि खिडकी यांच्यामधे भिंत पावणेसात फूट मिळते. बजेट १५ हजार. आता सांगा, ५ की ६?

दोन_सूत
५ की ६ हे नंतर बघू. तुमची दोन्ही टेबलं २४ इंच डेप्थची आहेत, अडचण तिथे आहे. २७ इंची मॉनिटर त्याच्या स्वतःच्या स्टँडवर ठेवला की पडदा मागच्या कडेपासून ८-९ इंच पुढे येतो. पुढे उरतात १५ इंच. त्यात कीबोर्ड ठेवला की मनगट हवेत आणि डोळे पडद्याला चिकटलेले. पडदा हातभर लांब हवा. निदान ३० इंच डेप्थ घ्या.

लांबीचा हिशेब सोपा आहे. २७ इंची मॉनिटर साधारण २४ इंच रुंद असतो. दोन म्हणजे ४ फूट, कॅबिनेटला ९-१० इंच. ५ फुटात बसेल, पण माउस फिरवायला हात मोकळा राहणार नाही. म्हणून ६.

आता ६ फुटाला मधे पाय नसेल तर फळीला बाक येणार. मधोमध ठेवलेल्या वजनाने येणारा बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४ फुटाचे ६ फूट केले की त्याच जाडीत, त्याच वजनाला बाक जवळपास ३.४ पट. जाडी वाढवली की तसाच घनाने कमी होतो. १८ मिमीऐवजी २५ मिमी घेतली तर फळी सुमारे २.७ पट ताठ. जाहिरातीत टेबलाची जाडी दिली आहे का?

घाटवळण
जाडी दिलेली नाही. फक्त "हेवी ड्यूटी" लिहिलंय.

लाकूडतासे
पार्टिकल बोर्ड अजिबात घेऊ नका. भुसा आणि गोंद दाबून केलेला असतो. पावसाळ्यात एकदा कडेला पाणी लागलं की फुगतो आणि परत बसत नाही. मॉनिटर आर्मचा (पडदा अधांतरी धरणाऱ्या दांड्याचा) क्लॅम्प लावाल तिथे दबून खड्डा पडतो, हा स्वानुभव. सुताराकडून करून घ्या. १८ मिमी प्लायच्या दोन फळ्या एकावर एक, वर सनमायका, कडेला पट्टी. आयुष्यभर टिकेल.

निवांत_सातारा
दोन प्लाय एकावर एक ठेवल्या तर ताठपणा दुप्पटच होईल ना? की जाडीच्या घनाच्या हिशेबाने आठपट?

दोन_सूत
नुसत्या ठेवल्या तर दुप्पट. पूर्ण पृष्ठभागावर फेव्हिकॉल लावून, खालून स्क्रूने आवळून वाळवल्या तर ती एकच ३६ मिमीची फळी होते, तेव्हा आठपट. बरेच मिस्त्री फक्त कडेने गोंद लावतात, ते चालत नाही.
शिवाय @लाकूडतासे, प्लायची शीट ८ बाय ४ ची. ४८ इंचात ३० इंच डेप्थच्या दोन फळ्या बसत नाहीत. म्हणजे दोन शीट घ्याव्या लागतील आणि प्रत्येकीतून १८ इंचाचा पट्टा उरेल. १५ हजारात प्लाय, सनमायका, मजुरी, पाय सगळं बसवणं अवघड आहे.

लाकूडतासे
उरलेल्या पट्ट्यांत कॅबिनेटसाठी छोटा स्टँड आणि वरचं शेल्फ होतं. वाया काही जात नाही. प्रत्येक गोष्ट स्वस्तात बसवायची म्हणून पुन्हा पार्टिकल बोर्डावर यायचं का?

बिजागरी
तुम्ही दोघं भांडताय त्याचं उत्तर हार्डवेअरच्या दुकानात तयार उभं आहे. फ्लश डोअर. म्हणजे बेडरूमचं दार. ७८ बाय ३० इंच हे नेहमीचं माप, जाडी ३० ते ३५ मिमी. साडेसहा फूट लांब आणि बरोबर ३० इंच डेप्थ. ताईंची भिंत पावणेसात फूट आहे, म्हणजे तीन इंच उरतात.

घेताना सॉलिड कोअर मागा, म्हणजे आत लाकडी पट्ट्या भरलेलं. पोकळ कोअरचं स्वस्त मिळतं, ते टेबलाला नको. बोटाने वाजवून पाहा, कुठेही ढब आवाज येता कामा नये. कुलपासाठी खाच पाडलेलं घेऊ नका. कडा फार कापू नका, चारही बाजूंनी आत चौकट असते, तिच्यावरच दाराची ताकद आहे. मी नऊ वर्षं असंच टेबल वापरतोय, शिलाई मशीनसकट.

घाटवळण
@बिजागरी हे भारी आहे, डोक्यातच आलं नव्हतं. पण एवढ्या जाडीला व्हीलचा क्लॅम्प बसेल का?

दोन_सूत
कसलं व्हील?

घाटवळण
स्टिअरिंग व्हील. मी रेसिंगच खेळते मुख्यतः. पुढच्या कडेला मधोमध क्लॅम्पने लागतं, खाली पेडल. म्हणून तर लिहिलं ना पहिल्याच पोस्टमधे, खेळताना हलतं म्हणून.

दोन_सूत
अहो, हे आधी सांगायचं! मग सगळा हिशेबच बदलतो.

फळीला बाक येणं वेगळं आणि टेबल डुलणं वेगळं. बाक जाडीने सुटतो. डुलणं सुटतं पायांच्या बांधणीने. फोर्स फीडबॅकचं व्हील वळणावर झटके देतं, ते झटके आडवे असतात. त्याला चार सुटे पाय कितीही जाड घेतले तरी पुरत नाहीत, मागच्या बाजूला तिरकी पट्टी किंवा फळी हवीच. मधे पाय आहे की नाही याचा इथे फारसा संबंध राहत नाही. आणि डेप्थ ३० इंच हवीच, कारण व्हीलचा डबाच साधारण ११ इंच जागा घेतो.

शिवणेकर
म्हणूनच लोखंडी फ्रेम. दीड बाय दीड इंच एमएस (माइल्ड स्टील) पाइप, १६ गेज (पत्रा साधारण १.६ मिमी). दोन बाजूंच्या चौकटी वेल्डिंग करून घ्या, त्यांना जोडणारे आडवे पाइप आणि मागची कैची (तिरक्या पट्ट्या) नट-बोल्टने. असं टेबल हलत नाही, घर बदललं तर सुटं करून नेता येतं. लाकडी पायांचे सांधे दोन वर्षांत ढिले होतात.

लाकूडतासे
नीट चूल (खाचेत घट्ट बसणारी लाकडाची जीभ) घालून केलेले सांधे ढिले होत नाहीत. माझ्या आजोबांच्या टेबलाचे झाले नाहीत. आज लोक नुसते स्क्रू मारतात, दोष लाकडाचा नाही.

शिवणेकर
सहमत, पण चूल घालणारा सुतार आज या बजेटमधे कोण देणार? वेल्डर प्रत्येक नाक्यावर आहे.

तिलारी
पाय भिंतीला एल पट्टीने ठोकून टाका. चार स्क्रू, विषय संपला.

घाटवळण
घर भाड्याचं आहे. भिंतीला भोक पाडायला मालक परवानगी देत नाहीत.

फणसवाडी
कोकणातून लिहितोय. तुम्ही सगळे प्लाय आणि दारं म्हणताय, फणसाच्या लाकडाचा विचार कुणी केला नाही. पिवळंधमक असतं, जुनं होत जाईल तसा तांबूस रंग चढतो, वाळवी सहसा धरत नाही. आमच्या ओटीवरचा बाक माझ्या पणजोबांचा आहे. दोन फळ्या जोडून टेबल झालं तर पिढ्या बघतील.

दोन_सूत
लाकूड सुंदरच आहे. पण ३० इंच रुंद भरीव लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. लोखंडी फ्रेमला घट्ट आवळलं तर चिरतं. स्क्रूची भोकं लांबट ठेवावी लागतात. या धाग्यात नको, वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन तिथे.

फणसवाडी
काढतो. फोटो पण टाकतो बाकाचे.

बिजागरी
क्लॅम्पबद्दल: तो किती उघडतो ते पट्टीने मोजून घ्या, मग दाराची जाडी ठरवा. वर सनमायका साधारण एक मिमी वाढवेल, तेही धरा.

आणि आत्ता लक्षात आलं म्हणून सांगतो, @शिवणेकर यांची फ्रेम करणार असाल तर पुढचा आडवा पाइप कडेपासून किमान चार इंच आत घ्यायला सांगा. वेल्डर सवयीने अगदी कडेलगत लावतात. मग क्लॅम्पचा खालचा जबडा पाइपावर आपटतो आणि व्हील लागतच नाही. मागेही तसंच, नाहीतर मॉनिटर आर्म लागणार नाही.

शिवणेकर
बरोबर. मी हे लिहायला हवं होतं.

कडेलोट_नाही
उंची कुणीच विचारली नाही. ताई, तुमची उंची किती?

घाटवळण
५ फूट २. का?

कडेलोट_नाही
बाजारातली टेबलं २९-३० इंच उंच असतात, ती तुम्हाला उंच पडणार. एरवी उपाय सोपा, खुर्ची वर घ्यायची आणि पायाखाली पाट ठेवायचा. पण तुमच्या पायाखाली पेडल आहेत, पाट ठेवता येत नाही! खुर्ची वर घेतली तर टाचा अधांतरी, ब्रेक दाबायला जोर मिळणार नाही. म्हणून टेबलच खाली आणायला हवं.
खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर सपाट, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. ते तुमच्या टेबलाचं माप. खाली ड्रॉवर किंवा कीबोर्डचा ट्रे नको, गुडघे आपटतील.

घाटवळण
मोजलं. साडेसव्वीस इंच. आत्ताचं टेबल ३० आहे! खांदे का दुखतात ते कळलं. मला वाटत होतं ऑफिसचं काम जास्त झालंय म्हणून.

हरिहर५८
मग उंची बदलता येणारं मोटरचं टेबल घ्या, मी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

कडेलोट_नाही
काका, सूचना चांगली आहे, पण त्यातली बरीच टेबलं २७-२८ इंचाच्या खाली जातच नाहीत, आणि उंच केलं की जास्त डुलतात. व्हीलसाठी नको. शिवाय १५ हजारात चांगलं येणं कठीण.

तिलारी
अवांतर: लोखंडी फ्रेम करताय तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?

घाटवळण
येतात कधीकधी. चप्पल घालून बसते.

तिलारी
मग अर्थिंग नाही किंवा तुटलंय. संगणकाच्या पॉवर सप्लायमधे फिल्टर असतो, अर्थिंग नसेल तर त्यातून कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज येतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या. पण आत खरा बिघाड झाला तर वाचवणारं काहीच नाही. आता त्या पत्र्याजवळ लोखंडी फ्रेमही असणार. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासा, मालकांना हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. मी एक सहकारी असा गमावता गमावता वाचलेला पाहिलाय, म्हणून आग्रहाने लिहितोय.

घाटवळण (शुक्रवार, दुपारी १.१५)
सर्वांचे आभार. सेल सोडून दिला. उद्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधे जाते दार बघायला. अर्थिंगचं मालकांना कळवलंय, सोमवारी माणूस येतोय.
एकच शंका, पेडल मागे सरकतात, त्याचं काय?

शिवणेकर
मागच्या दोन पायांना खालून एक आडवा पाइप घ्या, जमिनीलगत. पेडल आणि पाइप यांच्यामधे लाकडी ठोकळा. भिंतीला काही करायला नको.

कडेलोट_नाही
आणि खुर्चीची चाकं. ब्रेक जोरात दाबला की खुर्चीच मागे जाते. चाकांखाली रबरी कप मिळतात, खेळताना तेवढे ठेवा.

घाटवळण (तीन आठवड्यांनी)
अपडेट द्यायला उशीर झाला. टेबल झालं. ७८ बाय ३०, दार ३२ मिमी, वर मॅट राखाडी सनमायका, फ्रेम नट-बोल्टची. दार लिफ्टमधे उभं मावलं. एकूण १३,२०० गेले. पहिल्या वेल्डरने पुढचा पाइप कडेलाच लावून ठेवला होता, कागदावर लिहून दिलं असूनही. परत पाठवून आत घ्यायला लावला, त्यात आठवडा गेला. उंची पावणेसत्तावीस भरली, चालतंय. अर्थिंगची वायर सॉकेटच्या मागे तुटलेली निघाली, जोडून घेतली, झिणझिण्या बंद.

काल रात्री दोन तास खेळले. पूर्ण ताकदीवर व्हील ठेवूनही मॉनिटर हलले नाहीत. पहिल्यांदाच.

आता वायरी मागे खाली सोडायला दाराला भोक पाडायचं म्हणते. ६० मिमीचं. डाव्या कोपऱ्यात की मधे?

बिजागरी
भोक पाडूच नका, चांगलं दार आहे. टेबल भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा, वायरी मागून जातील. मॉनिटर आर्म घेतलात तर क्लॅम्पला तेवढी जागा लागणारच आहे.

घाटवळण
ओढलं. जातायत.