शिरीष तोडायचा की तळघर आत घ्यायचं?

धागाकर्ती : आमची सोसायटी पुण्यात एरंडवण्यात आहे, सत्तरच्या दशकातली. चार मजले, लिफ्ट नाही. पुनर्विकासाला मी सही दिली आहे, हे आधीच सांगते. गेल्या आठवड्यात मागच्या कोपऱ्यातल्या विलायती शिरीषावर नोटीस लागली : तोडायची परवानगी मागितली आहे, हरकती सात दिवसांत कळवा. मी हरकत घेतली आणि सोसायटीत माझ्याशी बोलणंच बंद झालं.

नकाशा दोनदा पाहिला. इमारत झाडावर येत नाही, झाड साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात आहे. मुळावर आलंय ते तळघरातलं पार्किंग, कारण खोदाई थेट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत धरली आहे. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं. सोसायटी बांधली तेव्हाच्या फोटोत हे झाड दिसतं, पहिल्या मजल्याच्या खिडकीएवढं. चार गाड्यांसाठी ते का पाडायचं?

तिसरा मजला : हरकत घेण्याआधी एकदा आमच्या घरी यायला हवं होतं. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. दवाखान्यात न्यायचं तर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवावी लागते आणि ती कठडा इतका घट्ट धरते की बोटं सोडवावी लागतात. बाथरूमच्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात. आता हरकतीवर सुनावणी, मग नवा नकाशा, पुन्हा मंजुरी. एक वर्ष गेलं की बिल्डर काढता पाय घेणार. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अटही त्याच दुरुस्तीत आहे ना? लावू द्या.

बी विंग : शिरीष आपला नाहीच, दक्षिण अमेरिकेतून आलेला. लाकूड ठिसूळ. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये फांदी माझ्या गाडीवर पडली, आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. उद्या खाली मूल असेल तर? त्यापेक्षा कदंब लावा, बकुळ लावा.

धागाकर्ती : फांदीचं म्हणणं रास्त आहे. वाळक्या फांद्यांची छाटणी परवानगी घेऊन दर उन्हाळ्यात व्हायला हवी होती, ती आपण कोणीच मनावर घेतली नाही.

पण परदेशी म्हणून निरुपयोगी, हे मला पटत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर त्याच्या खोडात ढोली आहे. दर मार्चमध्ये राखी धनेशाची मादी आत बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर खोडाला बिलगून गळ्यातून एकेक उंबर वर काढतो आणि फटीतून तिला देतो. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं सगळं पोट त्याच्यावर. नर एके दिवशी आला नाही तर आतले उपाशी. अशी ढोली व्हायला खोड तेवढं जाड आणि जुनं लागतं. पन्नास रोपं लावून ती मिळत नाही. आणि ती रोपं लावणार कुठे? आपल्या प्लॉटवर पाचाला जागा नाही.

रोपवाटिकावाला : कोणीतरी पुनर्रोपण सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. वड-पिंपळाच्या फांदीलाही मुळं फुटतात, त्यामुळे ते हलवले तर जगण्याची आशा असते. एवढा मोठा शिरीष हलवायचा तर मुळं तोडावी लागतात, सगळा विस्तार छाटावा लागतो, आणि उरतो तो खांब. बहुतेक वेळा वाळतोच. सांगली जिल्ह्यात भोसे गावच्या वडासाठी 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाची आखणी बदलली, झाड हलवलं नाही. तेच शहाणपणाचं होतं.

बी विंग : महामार्गाला सरकायला शेजारी जागा होती. आमच्याकडे इंचाचा हिशोब आहे.

नकाशे काढणारा : इंचाचाच हिशोब करू. तळघराची भिंत झाडाच्या बाजूने चार-पाच मीटर आत घेतली तर गाड्या कमी बसतील, पण उरलेल्या भागात यांत्रिक पझल पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवून यंत्राने सरकवायची सोय) घालता येतं. त्याचा देखभालखर्च कायमचा सोसायटीच्या माथी येतो, हे सभासदांना आधी स्पष्ट सांगा, नाहीतर पुढे भांडणं होतात. त्या बाजूची मुळं जेसीबी लावण्याआधी हाताने खणून पाहा. खोडाभोवती पत्रे उभे करा, काँक्रीटचं पाणी तिकडे जाऊ देऊ नका. तोडलं नाही तरी साइटवरच्या हलगर्जीपणाने झाडं मरतात, मी मरताना पाहिली आहेत.

तिसरा मजला : मला दुसरं पार्किंग नको, तसं लेखी देतो. माझ्यासारखे आणखी तिघे तरी निघतील. पण नव्या नकाशाची तारीख मला लेखी हवी. आणि हरकतीत 'काम थांबवा' असं काही असेल तर मी विरोधातच उभा राहणार.

धागाकर्ती : तसं नाही. तळघराची रेषा आत घ्या, एवढंच लिहिलंय. अर्जाची प्रत आज संध्याकाळी घेऊन येते, काकूंनाही भेटते. रविवारी दहाला खोडापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजू या. बी विंगवाल्यांनीही यावं, कुठली फांदी धोक्याची वाटते ते दाखवायला.