शब्दचर्चा : विभाजन, परिसीमन, सीमांकन, हद्दवाढ... कुठला शब्द कुठं वापरायचा?

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या विभाजनाचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर दर वेळी तेच होतं, एकजण लिहितो तालुक्याचं परिसीमन करा, दुसरा लिहितो सीमांकन, तिसरा पुनर्रचना, आणि सगळ्यांना वाटतं आपण एकाच गोष्टीवर बोलतोय. तसं नाहीये. या प्रत्येक शब्दामागं वेगळा कायदा आहे, वेगळं ऑफिस आहे, आणि शब्द चुकला की माणूस हरकतीचा अर्ज घेऊन भलत्याच टेबलासमोर उभा राहतो, तिथून पुढच्या टेबलाला जाईपर्यंत मुदत संपलेली असते. म्हणून हा धागा. भर घाला सगळ्यांनी.

तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं 'विभाजन' हे महसुली काम. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४. राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं, आधी प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा, त्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना, मग अंतिम. तासगावातून पलूस निघाला १९९९ साली, खानापुरातून कडेगाव निघाला २००२ साली, ते असेच. त्याच्या आधी १९६५ ला आटपाडी आणि कवठेमहांकाळ झाले. आज सांगलीत दहा तालुके आहेत, साताऱ्यात अकरा.

'परिसीमन' मात्र फक्त मतदारसंघाचं. त्याला वेगळा आयोग असतो, महसूल खात्याचा संबंध नाही. २००८ च्या परिसीमनात कराड लोकसभा मतदारसंघच गेला, फलटण आणि माण माढ्यात गेले, इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगल्यात. आता माण तालुक्यातला माणूस खासदार माढ्याचा निवडतो, पण त्याचा कलेक्टर साताऱ्यातच बसतो. माझ्या दहिवडीच्या आत्याला शेजारणीनं पटवून दिलं होतं की माण सोलापूर जिल्ह्याला जोडला, आणि आत्यानं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सोलापूरला जायची तयारी चालवली होती. एवढा गोंधळ एका शब्दानं होतो.

'हद्दवाढ' नगरपालिकेची नाहीतर महानगरपालिकेची, हे नगरविकास खात्याचं काम. सातारा शहराची हद्दवाढ किती वर्षं रखडली होती ती २०२० साली झाली, शाहूपुरीसारखा भाग आत आला. इथं तालुका बदलत नाही, जिल्हा बदलत नाही, ग्रामपंचायत जाते आणि नगरपालिकेची घरपट्टी येते.

आणि 'सीमांकन' म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष खुणा करणं, मोजणीवाला येतो, दगड रोवतो, ते. तालुका विभाजनात बहुतेक वेळा सीमांकन होतच नाही! हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याला वाटतं नवीन तालुका म्हणजे कुणीतरी नकाशावर पेन्सिलीनं नवी रेघ ओढणार. अधिसूचनेच्या अनुसूचीत रेघ नसते हो, गावांची नावं असतात. अमुक अमुक गावं या तालुक्यातून काढून त्या तालुक्यात. गावाची शीव जशी आहे तशीच राहते, मोजणीच्या काळापासूनची, फक्त काल जी दोन गावांमधली शीव होती ती आज दोन तालुक्यांमधली हद्द झाली. म्हणजे नकाशा यादीवरून तयार होतो. यादीत नाव नसेल तर गाव जुन्याच तालुक्यात राहिलं, नकाशावाल्यानं कुठंही रंगवलं तरी. म्हणून प्रारूप अधिसूचना आली की नकाशाचा फोटो फॉरवर्ड करण्यापेक्षा यादी वाचा, आपल्या वाडीचं नाव स्वतंत्र आहे का मूळ गावात धरलंय ते बघा.

कोरेगावहून

चांगला धागा काढलात दादा. मी महसूल खात्यात नोकरी केली, आता घरी असतो. तुम्ही वरच्या पायऱ्या सांगितल्या, खालच्या मी सांगतो, कारण माणसाचा रोजचा संबंध तिथंच येतो. काही गावं मिळून तलाठ्याचा सजा आणि काही सजे मिळून मंडळ, हे ठरवायचा अधिकार कलेक्टरला आहे, त्याला मंत्रालयापर्यंत जावं लागत नाही, तेही त्याच कलम ४ मध्ये आहे. कागदावर 'सजा' लिहितात, लोक 'सज्जा' म्हणतात, दोन्ही चालू आहे. मंडळाला सगळे सर्कल म्हणतात. २०२४ ला तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं पण गावात तलाठी भाऊसाहेबच म्हणतात आणि पुढंही म्हणतील.

एक शब्द मुद्दाम देतो, 'बेचिराख'. पेपरात बेचिराख म्हणजे उद्ध्वस्त, जळून खाक. महसुलात बेचिराख गाव म्हणजे जिथं वस्ती नाही असं गाव. बे म्हणजे शिवाय, चिराग म्हणजे दिवा, जिथं दिवा लागत नाही ते. पण गाव आहे बरं का, त्याला शीव आहे, नकाशा आहे, सातबारे आहेत, शेजारच्या गावचे लोक तिथं जमीन कसतात. तालुका फुटताना याद्या तपासायला बसलं की अशी गावं हमखास सुटतात कारण तिथून कुणी हरकत घ्यायला येतच नाही. कसणाऱ्याला पुढं त्रास होतो, घर एका तालुक्यात आणि रान दुसऱ्या तालुक्यात. तेव्हा ज्यांची जमीन अशा गावात आहे त्यांनी स्वतःहून लक्ष घालावं ही कळकळीची विनंती.

मिरजेहून

काका नमस्कार, बेचिराख वाचून फार बरं वाटलं, हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकला होता पण अर्थ आज कळला.

माझी शंका 'अपर तहसील' बद्दल. आमच्या मिरज तालुक्यात सांगलीला अपर तहसील कार्यालय आहे, जतमध्ये संखला आहे. बऱ्याच पाट्यांवर 'अप्पर' लिहितात आणि लोकांना वाटतं हा इंग्रजी अप्पर, म्हणजे वरचा, म्हणजे हा तहसीलदारापेक्षा मोठा साहेब. संखकडचे माझे मित्र तर म्हणतात आम्हाला तालुका मिळालाच की, अप्पर तालुका. हे बरोबर का?

धागाकर्ता

नाही ताई, हा संस्कृतातला अपर, म्हणजे दुसरा, आणखी एक. अतिरिक्त या अर्थानं. अपर जिल्हाधिकारी, अपर मुख्य सचिव, सगळीकडं तोच. इंग्रजी अप्परशी काही नातं नाही, म्हणून 'अपर' असंच लिहावं असं माझं ठाम मत आहे. आणि अपर तहसील म्हणजे नवा तालुका नाही. तालुका एकच, काही मंडळांचं काम दुसऱ्या तहसीलदाराकडं दिलं एवढंच. पंचायत समिती वेगळी होत नाही, तालुक्याच्या यादीत नाव वाढत नाही. जत तालुका एवढा पसरलेला आहे की पूर्वेकडच्या गावांना जतला यायचं म्हणजे दिवस जातो, त्यामुळं संखच्या ऑफिसचा उपयोग आहेच, पण विभाजनाची मागणी त्यानं पुरी झाली असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

'तहसील' म्हणजे मुळात वसुली, महसूल हा शब्द त्याच्याच कुळातला. तालुका हा प्रदेश, तहसील हे ऑफिस, असा फरक आपल्याकडं पाळतात, विदर्भात प्रदेशालाही तहसील म्हणतात. ब्रिटिश काळात तालुक्याच्या पोटात 'पेटा' असायचा. शिराळा हा वाळव्याचा पेटा होता, खंडाळा वाईचा. पुढं ते पूर्ण तालुके झाले आणि पेटा शब्द बोलण्यातून गेला.

जुन्या शब्दांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. घरी १९५० नंतरच्या दशकातलं एक खरेदीखत आहे. सुरुवातच अशी, 'तुकडी जिल्हे दक्षिण सातारा, पोटतुकडी तालुके तासगाव, पैकी मौजे' आणि पुढं गावाचं नाव. तुकडी म्हणजे नोंदणीचा जिल्हा आणि पोटतुकडी म्हणजे त्यातला भाग. १९४८ ला संस्थानं विलीन झाली, १९४९ ला साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याचं नाव २१ नोव्हेंबर १९६० पासून सांगली. आज तीच जमीन सातबाऱ्यावर तालुका पलूस, जिल्हा सांगली. कर्जासाठी कागद घेऊन गेलो तर एका बँकेतल्या साहेबांनी कागद परत दिला, म्हणाले दक्षिण सातारा नावाचा जिल्हाच नाही, हा कागद दुसऱ्या जमिनीचा दिसतो. मी त्यांना चतुःसीमा वाचून दाखवली, पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस गावची शीव, ती आजच्या गट नकाशावर बोट ठेवून जुळवून दाखवली, तरी फेरफारांची, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदींची, साखळी जोडून आणा म्हणाले. जुने फेरफार जुन्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला, नवे पलूसला. तालुका होताना जवळ ऑफिस आलं याचा आनंद खराच आहे, पण जुने दप्तर कुठं राहणार हे त्याच वेळी जाहीर करायला हवं, गावोगावी बोर्ड लावून. हे मला फार मनापासून वाटतं.

कराडहून

मी जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम करते, नकाशाच्या बाजूनं लिहिते. 'गोठवणे' हा शब्द यात यायलाच पाहिजे. जनगणनेच्या आधी सगळ्या प्रशासकीय हद्दी गोठवतात, म्हणजे त्या तारखेनंतर जिल्हा, तालुका, गाव काही बदलायचं नाही, नाहीतर कुठली माणसं कुठं मोजायची तेच कळणार नाही. या वेळी ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती, जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. तेव्हा मधल्या काळात कुणी पुढच्या महिन्यात नवा तालुका म्हणून सांगितलं तर घोषणा आणि अंमल यातला फरक ध्यानात ठेवा.

नकाशे जुने का वाटतात तर बरेच जण अजून २०११ च्या जनगणनेच्या हद्दी वापरतात. त्यात पालघर शोधा, सापडणार नाही, ठाण्यातच दिसेल, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. गावनकाशे भूमी अभिलेखकडं, देशाचे नकाशे डेहराडूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाकडं, गावांचे कोड लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत, आणि राजपत्र निघालं म्हणून हे सगळं एका दिवशी बदलत नाही. मी तर नावावर विसंबतच नाही, कोड बघते. खटाव तालुका म्हटलं की ऑफिस वडूजला, माण म्हटलं की दहिवडीला, जावळी म्हटलं की मेढ्याला, बाहेरचा माणूस नकाशावर खटाव गावात तहसील ऑफिस शोधत बसतो. इस्लामपूरचं ईश्वरपूर करायचा निर्णय २०२५ ला झाला तेव्हा मला दोघा-तिघांनी विचारलं तालुक्याचं नाव बदललं का म्हणून. तालुका वाळवा आहे, तो वाळवाच.

आणि 'गट' या शब्दाबद्दल कुणीतरी लिहा प्लीज. गट नंबर वेगळा, झेडपीचा गट वेगळा, गटविकास अधिकाऱ्यातला गट वेगळा. गटरचनेवर हरकत म्हणून एकानं चक्क जमिनीचा गट नकाशा जोडून दिला होता.

कोरेगावहून

लिहितो ताई. जमिनीचा गट म्हणजे जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर पडलेला नंबर, त्याआधी सर्व्हे नंबर होता. झेडपीचा गट म्हणजे निवडणुकीचा विभाग, एका गटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे तिच्या निवडणुकीचे छोटे विभाग. आणि गटविकास अधिकाऱ्यातला गट म्हणजे विकासाचा ब्लॉक, आपल्याकडं साधारण तालुक्याएवढाच. त्यामुळं हरकतीच्या अर्जात नुसतं 'गट' लिहू नका. 'गट नंबर' किंवा 'निवडणूक विभाग' असं पूर्ण लिहा, गावापुढं तालुका, जिल्हा आणि जमला तर ताईंनी सांगितला तो कोड, विषयात प्रारूप अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.