ओट्याखालच्या पल्ल्यांना नॉब नकोत, घरच्या घरी काय करता येईल?

लालबागकरीण:
मंडळी, चाळीतली खोली आहे. ओटा आणि समोरची भिंत यांच्यामध्ये एका माणसाने उभं राहावं एवढीच जागा. ओट्याखाली १९ एमएम प्लायचे नवे पल्ले करून घेतले, ऑटो बिजागऱ्यांवर. नॉब मुद्दाम लावले नाहीत. आधीच्या नॉबमध्ये सासूबाईंच्या साडीचा काठ अडकायचा आणि वळताना मांडीला लागायचं ते वेगळंच. त्यांना संधिवात आहे, चिमूट नीट जमत नाही. चार बोटं एकत्र वाकवून ओढणं मात्र जमतं. सुतार म्हणतो पुश लॅच लावू, म्हणजे पल्ला दाबला की तो आपोआप बाहेर येतो. पण कणकेच्या नि तेलाच्या हातांनी दिवसभर पांढऱ्या सनमायकावर दाबत राहायचं, हे मला पटत नाही. पुढे न येणारं आणि मला स्वतःला करता येईल असं काही सुचवा. ड्रिल आणि जिगसॉ घरात आहे, वापरायची सवयही आहे.

सुतारपक्षी:
नवारीची पट्टी दुमडून पल्ल्याच्या आतून दोन स्क्रूंनी लावा, बाहेर फक्त फास दिसेल. त्यात अख्खा हात जातो. चामड्याची पट्टी घेऊ नका, पावसाळ्यात बुरशी धरते. नवार मळली की काढून धुता येते.

डिलाईल_रोड:
ताई, पुश लॅचचा विचार सोडा, आणि कारण फक्त डागांचं नाही. ऑटो बिजागरीतली स्प्रिंग शेवटच्या टप्प्यात पल्ला आत ओढते, लॅच त्याला बाहेर ढकलतं. त्या ओढाताणीत पल्ला जरासा उघडतो नि परत मिटतो. लॅच लावायचंच तर बिनस्प्रिंगच्या बिजागऱ्या हव्यात, शिवाय पल्ला आत दाबला जायला दोनतीन मिलिमीटर फट. म्हणजे झालेलं काम उसवायचं.

मी गिरणीत फिटर होतो. हत्यार हाताच्या मापाने करायचं, हे तिथे अंगात मुरलं. सासूबाईंची चार बोटं वाकतात ना, मग पल्ल्याच्या वरच्या कडेलाच बोटांसाठी खाच करा. बिजागरीच्या वाटीसाठी सुतार जे ३५ एमएमचं बिट वापरतात तेच घ्या, नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात सुटं मिळतं. वरच्या कडेपासून १० एमएम खाली, एकमेकांपासून ६५ एमएमवर दोन मध्यबिंदू आखा आणि आरपार भोकं पाडा. मधला भाग जिगसॉने काढला की १०० एमएम लांब, साधारण २७ एमएम खोल खाच मिळते. भोक पाडताना मागे टाकाऊ प्लायचा तुकडा शिकंज्यात घट्ट आवळा, नाहीतर बिट बाहेर पडताना सनमायकाचे टवके उडतात.

खाच कुठे, हे फार महत्त्वाचं. बिजागरीपासून जितकी लांब तितका जोर कमी. पल्ल्याच्या मधोमध केलीत तर मोकळ्या कडेच्या मानाने जवळजवळ दुप्पट ओढावं लागेल. दुखऱ्या बोटांना तो फरक लगेच कळतो. म्हणून मोकळ्या कडेकडे सरकवा, पण कोपऱ्यात ४० एमएम तरी लाकूड राहू द्या.

खाचेची आतली धार कानशीने गोल करा, इतकी की डोळे मिटून बोट फिरवलं तरी कुठे टोचू नये. मग १२० चा सँडपेपर, मग २२० चा आणि वर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन हात. उघड्या प्लायची कड मुंबईच्या पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, तेव्हा इथे आळस नको.

लालबागकरीण:
काका, पुठ्ठ्यावर खाच कापून सासूबाईंना दाखवली. चारही बोटं आत गेली आणि अंगठा वर मोकळा राहिला. त्यांना आवडलं. पण वरून उघडी खाच म्हणजे झुरळांना वाटच की! आमच्याकडे धान्याचे डबे तिथेच असतात.

डिलाईल_रोड:
बरोबर विचारलंत. पल्ल्याच्या आतल्या बाजूला खाचेमागे ६ एमएम प्लायची छोटी खोकी बसवा. आतून २५ एमएम खोल असली की बोटं वाकायला जागा मिळते. आधी पल्ला मिटवून पाहा, खोकी कपाटाच्या वरच्या आडव्या पट्टीला लागता कामा नये. लागत असेल तर पट्टीला तेवढी खाच मारा. खोकीच्या कडांना सिलिकॉन फिरवा, मग आत जायला फट राहत नाही. स्क्रू एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे घ्या, साधे ओट्याजवळच्या ओलीत गंजतात.

सुतारपक्षी:
खालच्या कडेला एसएसची पट्टी लोंबती ठेवून पायाने ओढायची युक्तीही आहे. दोन्ही हात भरलेले असले की बरी पडते.

डिलाईल_रोड:
ताईंच्या घरी नको. सासूबाईंना ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहावं लागेल. फक्त ताई वापरणार असा पल्ला असेल तर गोष्ट वेगळी.

लालबागकरीण:
सिलिंडरचा पल्ला मीच उघडते, त्याला पट्टी करून पाहीन. तिथे बंद खोकीची गरज नाही, हवा खेळती राहिलेलीच बरी. धान्याच्या आणि भांड्यांच्या पल्ल्यांना खाच. शनिवारी बिट आणायला जाते. काका, पीयूचा एक हात वाळल्यावर मध्ये पुन्हा पेपर मारायचा का?

डिलाईल_रोड:
हो, ३२० चा, हलक्या हाताने. धूळ ओल्या फडक्याने नीट पुसा, पूर्ण सुकू द्या आणि मगच दुसरा हात.