ऐन सीझनमध्ये समुद्रकिनारी चार दिवस: वेळेचं गणित कसं बसवावं?

सुट्टीवाले: उन्हाळी सुट्टीत चार दिवस समुद्रकिनारी जायचं आहे. सोबत सात आणि दहा वर्षांची मुलं, शिवाय आईचे गुडघे दुखतात. आठवडा ठरलेला आहे, त्यातले वार निवडता येतील. किनाऱ्यावर कधी जावं, पाण्यात कधी उतरावं, खोली घेताना काय विचारावं?

खारावारा: शक्यतो रविवारी दुपारी पोचा आणि गुरुवारी सकाळी निघा. तुम्ही शिरताना गर्दी परतीच्या वाटेवर असते.

मग तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा काढा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी ७ ला असेल, तर चौथ्या दिवशी साडेनऊच्या सुमारास. भरतीला पुळण अरुंद होते आणि तेवढीच माणसं निम्म्या जागेत दाटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा तर काही ठिकाणी बसायलाही कोरडी जागा उरत नाही.

साडेसहा ते साडेनऊ किनारा, दुपारी खोली, पाचनंतर पुन्हा किनारा. खोलीवाल्यांना गाडीची जागा राखीव मिळेल का ते विचाराच. ‘समुद्र २०० मीटरवर’ यावर विसंबू नका. नकाशावर चालत जायचा रस्ता मोजा, कारण मधे खाडी किंवा कुंपण असलं तर तेच अंतर किलोमीटरभर होतं. आईंसाठी हे फार महत्त्वाचं आहे. त्यांना कोरड्या वाळूतून कमीत कमी चालवा, पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते.

नाखवा_७: वेळा पटल्या. पण ओहोटी म्हणजे पोहायला सुरक्षित, असं कुणी समजू नये. पाणी उतरत असताना बऱ्याच किनाऱ्यांवर आत खेचणारी ओढ वाढते. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, थोडं गढूळ, फेस समुद्राकडे चाललेला, असं दिसलं तर ओढ तिथेच असते. नेमकी तीच ‘शांत’ जागा लोक मुलांसाठी निवडतात!

ओढ माणसाला बुडवत नाही, आत समुद्राकडे नेते. बुडतात ते किनाऱ्याकडे उलटं पोहून दमल्यामुळे. सापडलात तर तरंगत राहा, हात वर करून हाक मारा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा आणि लाटा फुटतात तिथून त्यांच्यासोबत परत या.

जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल असेल तर मुलांना पाण्यात नेऊ नका, दोन लाल म्हणजे पाणी बंद. मुलं पाण्यात असताना एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर, मोबाइल बाजूला ठेवून. हवेची गादी किंवा ट्यूब नकोच, जमिनीकडून वारा सुटला की ती बघता बघता आत जाते.

सावलीत: सनस्क्रीन लोक फारच कमी लावतात. मोठ्या माणसाला सर्वांगाला साधारण ३० मिली लागतं. बाहेर पडण्याच्या १५ मिनिटं आधी लावा, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. छत्रीखालीही चेहरा भाजतो, ऊन वाळूवरून उलटून येतं.

मुलांना वाळूत स्वतःच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणू देऊ नका. ओल्या वाळूच्या भिंती सरळ उभ्या दिसतात, पण सुकल्या किंवा काठावर वजन पडलं की क्षणात ढासळतात. निघताना खड्डा बुजवा.

सुट्टीवाले: वार तसेच ठरवतो. राखीव जागा नाही मिळाली तर गाडी वाळूवर लावली तर चालेल?

नाखवा_७: नको. भरती चढली की चाकांखालची वाळू सैल होते आणि गाडी बसते. कुठे रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खोल जातं. चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि हळू बाहेर काढा. पक्क्या रस्त्यावर आल्यावर लगेच हवा भरा, आणि खाऱ्या पाण्यातून गेली असेल तर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.